श्रावणातल्या चौदा कॅप्सूल

माझा थोरला भाऊ आणि मी चार वर्षं कामापुरतं बोलत होतो, आणि काम फारसं निघत नव्हतं. तो पालीच्या अलीकडे आमच्या गावी भातशेती करतो. मी रत्नागिरीत एका शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. मधलं अंतर एसटीने तासाभराचंही नाही. तरी मी गावी गेले की तो खाचरात असायचा, आणि तो रत्नागिरीत आला की बाहेरच्या बाहेर परत जायचा. निरोपानिरोपी वहिनी करायची.

म्हणून श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "त्याला माहितीये का, तुम्ही मला फोन करताय ते?"

"नाय. गोठ्यातनं बोलतेय. वन्सं, ह्यांना चार दिस ताप हाय. उतरतच नाय."

मी कागद ओढला आणि विचारत गेले. ताप थंडी वाजून येतो का? हो. डोळे लाल? हो. पोटऱ्या दुखतात? "हात लावू देत नाय." पायाला जखम? बेणणी करताना, म्हणजे भातातलं तण काढताना, अंगठा कापला होता, त्यावर हळद बांधून तो पुन्हा चिखलात उतरला होता. पुढचं मला विचारावं लागलं नाही. आमच्या भागात पावसाळ्यात असा ताप आला की लेप्टोचं नाव शेंबड्या पोराच्याही तोंडी येतं. उंदराचा मूत मिसळलेलं पाणी, त्यात उघडा पाय आणि पायाला चीर. एवढं पुरतं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेले. तो पडवीत खाटेवर बसला होता, अंगावर घोंगडी.

"कोणी बोलावलं हिला?" त्याने वहिनीला विचारलं. मला नाही.

"मी आपणहून आले. शर्ट घाल. डॉक्टरकडे जायचंय."

"तुझ्या शाळेतला पोरगा वाटलो काय मी?"

"शाळेतली पोरं ऐकतात."

तो उठला, कारण त्याच्या अंगात भांडायची ताकद नव्हती. पालीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, पोटरी दाबली तेव्हा तो ओरडला. रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करते म्हणाल्या, कारण ह्या तापात उशीर झाला की मूत्रपिंड आणि यकृत ह्यांवर जातं. डॉक्सिसायक्लिन. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली होती का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, तेही त्यांनी विचारलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत "नाय" म्हणत राहिला.

मग त्यांनी औषध कसं घ्यायचं ते सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं, घोटभर नाही. बसून किंवा उभं राहून घ्यायचं आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण हे औषध अन्ननलिकेत चिकटलं तर तिथे भाजल्यासारखी जखम करतं. दूध, दही, ताक दोन तास आधी नाही, दोन तास नंतर नाही. पित्ताचं औषध आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्याही बरोबर घ्यायच्या नाहीत. त्या औषधाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी जातं. ऊन पडलं तर अंग झाकायचं, कातडी लाल होते. ताप उतरला तरी मधेच सोडायचं नाही. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला तर थांबायचं नाही, थेट रत्नागिरीला दवाखान्यात.

हे औषध मला नवं नव्हतं. आमच्या शाळेतल्या शिपाईणबाईंच्या मुलीला मुरमांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी हेच दिलं होतं, आणि तिने उरलेल्या चार कॅप्सूल गरोदर बहिणीला तापात द्यायला काढल्या तेव्हा मीच त्या हातातून घेतल्या होत्या. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ते डॉक्टरने सांगितल्याशिवाय द्यायचं नसतं. तेव्हा मला वाटत होतं की मला माहीत नाही असं ह्या औषधाबद्दल फारसं काही उरलेलं नाही.

दवाखान्यातल्या मावशींनी पाणी आणून दिलं. घरून तो पेज पिऊन निघाला होता, तेव्हा पहिली कॅप्सूल तिथेच घ्यायला हरकत नव्हती. दादाने ती हातात धरली, उलटसुलट केली. अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. मग शर्टाच्या खिशात टाकली.

"घरी जेवून घेतो," म्हणाला.

मी कारण न विचारता औषधाची पिशवी उचलली. तो बरोबर आला होता एवढ्यावरच मी खूश होते. तिथेच माझं चुकलं.

घरी जाऊन यादी केली. शाळेच्या जाड कागदावर, काळ्या स्केचपेनने, अकरा सूचना. खाली सात दिवसांचा तक्ता, दिवसाला दोन चौकोन. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली. वहिनीला प्रत्येक डोसनंतर बरोबरची खूण करायला सांगितलं.

"अकरा!" दादा खाटेवरून बोलला. "सत्यनारायणाला पण एवढं नसतं."

"सत्यनारायणाने मूत्रपिंड वाचत नाही."

"आईला पण अशीच यादी लावली होतीस."

वहिनी मधे आली आणि "चहा घ्या" म्हणाली. मी चहा न घेता निघाले.

शनिवारी, रविवारी मी फोन केले. वहिनी म्हणाली, दोन्ही वेळा दिलं, खुणा केल्या. ताप? "थोडा कमी वाटतोय." रविवारी संध्याकाळी म्हणाली, छातीत जळजळतंय, गिळताना दुखतंय, पित्त झालंय बहुतेक. मी म्हटलं, पाणी पुरेसं घेतोय ना? "घेतायत की." रक्ताचा रिपोर्ट सोमवारी सकाळी आला, लेप्टोच होता. मी शाळेत न जाता सरळ गावची एसटी पकडली.

घरात शिरले तर आधी यादी पाहिली. सहा खुणा, एकही चुकलेली नाही. कॅप्सूलचं पाकीट पाहिलं. चौदातल्या सहा गेलेल्या, आठ शिल्लक. सगळं जुळत होतं. मग हात धुवायला मागच्या पडवीत गेले आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक करवंटी दिसली. तिच्यात कॅप्सूलच्या टोप्या होत्या, रिकाम्या. हिरव्या सहा, पांढऱ्या सहा.

"वहिनी, ह्या काय आहेत?"

"टोप्या."

"ते दिसतंय. आतलं औषध कुठाय?"

"पोटात गेलं ह्यांच्या. नाय तर कुठं जाणार?" ती पदराला हात पुसत आली. "उघडून दुधात देते साखर घालून. लय कडू असतंय वन्सं ते. ह्या टोप्या कुठं टाकू कळना. श्रावणात चुलीत टाकायच्या नाय म्हणाले, तुळशीकडं नको, गुरांच्या वाटेत नको. म्हणून ठेवल्यात. महिना संपला की बघू."

"दुधात? मी लिहिलंय ना, दूध नाही!"

"ते कॅप्सूल दुधाबरोबर गिळू नये म्हणून असेल, असं वाटलं मला. ही गिळलीच नाय ना."

आतून दादाचा आवाज आला, घोगरा. "तुझ्या यादीत लिवलंय का कुठं, टोपी पण खा म्हणून?"

नव्हतं लिहिलेलं.

मी त्याच्याकडे गेले. तो उशीला टेकून आडवाच होता. मी एकेक विचारत गेले आणि वहिनी सांगत गेली. श्रावणात आमच्याकडे मासळी चुलीवर चढत नाही, अंडं घरात येत नाही. कॅप्सूलची टोपी जिलेटिनची असते आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, म्हणून टोपी काढायची. पूड कडू, म्हणून दोन घोट दूध. उठवत नाही, म्हणून ते पडूनच घ्यायचं. तीच पूड छातीत जाळत गेली, म्हणून वर पित्ताचं पांढरं औषध, दर वेळी दोन चमचे. दूध नको होतं ते घेतलं, आडवं व्हायचं नव्हतं तिथे आडवा झाला, पित्ताचं औषध टाळायचं होतं ते वर ओतलं. त्या सहा चौकोनांतल्या खुणा खोट्या नव्हत्या. औषध खरंच दिलं होतं. अंगी किती लागलं ते कोण सांगणार?

"डोळे उघड," मी म्हटलं. खिडकीचं दार उघडलं. पांढऱ्या भागावर हळद चढली होती.

"लघवीला कधी गेला होतास?"

"ते पण तक्त्यात भरायचंय?"

"सकाळपासनं नाय गेले," वहिनी म्हणाली. "काल पण थोडीच झाली."

"उठ. रत्नागिरीला जायचं. आत्ता."

"नाय येणार."

"दादा, मूत्रपिंडं बंद पडतायत तुझी. कळतंय का?"

"तू सांगतेस म्हणून?" तो कोपरावर उठला. एवढं उठतानाही दमला. "तू आईच्या उशाशी बसून काय सांगितलंस, ते आधी बोल. हिच्यासमोर बोल. मग येतो."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला ते माहीत होतं. गावातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, कारण आईच्या बाराव्याला ह्याने तो प्रश्न मला भरल्या पडवीत विचारला होता.

आईला तिच्या शेवटच्या श्रावणात छातीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी दुसरं एक अँटिबायोटिक दिलं होतं, तेही कॅप्सूलच. आई जन्मभर श्रावण पाळत आलेली. तिने पहिली कॅप्सूल तळहातावर घेऊन मला विचारलं, "बाय, ही चालते ना गो?" टोपी हाडाच्या जिलेटिनची असते हे मला केमिस्टने सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "चालते आई, मक्याच्या पिठाची असते." तिने ती कपाळाला लावली आणि गिळली. पुढच्या सगळ्या तशाच, कपाळाला लावून. महिन्याभराने ती गेली. संसर्गाने नाही, तिचं हृदय थकलं होतं. पण टोपी मक्याच्या पिठाची नव्हती हे दादाला नंतर पालीच्या त्याच केमिस्टकडून कळलं.

"बोल," तो म्हणाला.

"खोटं बोलले मी. हाडाची होती, मला माहीत होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन."

"कशाला?"

"ती जगावी म्हणून."

"जगली?"

"नाही."

"मरताना तिला बाटवलंस आणि वर तोंड करून सांगतेस!"

"तू तिला तिचं मीठ दिलंस ते काय होतं? डॉक्टरने बंद केलेलं मीठ, मी पाठ फिरवली की तू तिच्या पेजेत टाकायचास. मला दिसत नव्हतं?"

"तिने मागितलं म्हणून दिलं. तुझ्यासारखं फसवून नाय दिलं."

तो पुन्हा उशीवर पडला. मी त्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची दया आली नाही. हा माणूस मला चुकीचं ठरवायला मरायलाही तयार आहे, एवढंच डोक्यात होतं.

निर्णय वहिनीने घेतला. ती आत गेली, दादाचा बाहेर जायचा शर्ट घेऊन आली आणि त्याच्या छातीवर फेकला.

"तुम्ही दोघं भावंडं रिक्षात भांडा. हास्पिटलात भांडा. मला काय त्याचं नाय. पण मला रांडमुंड करून जर श्रावण पाळायचा असंल तर आधीच सांगा, म्हणजे मी पण माझं बघते."

इतकी वर्षं त्या घरात तिचा आवाज मी असा ऐकला नव्हता. दादानेही नसावा. त्याने शर्ट घातला. शेजारच्याची रिक्षा मिळाली. रत्नागिरीपर्यंत आम्ही तिघं एकाच सीटवर होतो, मधे वहिनी, आणि कोणीही भांडलं नाही.

दवाखान्यात त्याला लगेच दाखल करून घेतलं. सलाइन लावलं, शिरेतून दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं आणि तासातासाची लघवी मोजायला सुरुवात केली. मूत्रपिंडाचे आकडे चांगले नव्हते. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत उतरले नाहीत तर डायलिसिसला न्यावं लागेल. वहिनी खाली बसली. मी वहीत वेळा मांडून ती लघवीची मापं लिहीत राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं. दादा ते बघत होता. "पुरे" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मूत्रपिंडाचा आकडा वाढायचा थांबला. तिसऱ्या दिवशी उतरायला लागला. लघवी वाढली. चौथ्या दिवशी त्याने जेवणाला नावं ठेवली तेव्हा वहिनी हसली. पण भाताचा मऊ घाससुद्धा तो तोंड वेडंवाकडं करून गिळत होता. अन्ननलिकेची जखम भरायला वेळ लागणार होता.

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आधी डॉक्सी घेतली होतीत ना? कशी घेतली?" मी तोंड उघडलं तोच दादाने हात वर केला आणि स्वतः सांगितलं. टोप्या, दूध, आडवं पडणं, पित्ताचं औषध, सगळं. काही लपवलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. खाटेच्या कडेला टेकले. "काका, टोपी नको होती हे तुमचं बरोबर. तो तुमचा प्रश्न आहे. पण टोपी काढून घेणं हा त्याच्यावरचा उपाय नव्हे. हेच औषध साध्या गोळीत मिळतं. गोळीला ती टोपी नसतेच. तुम्ही पहिल्याच दिवशी डॉक्टरना म्हणायचं होतंत, कॅप्सूल नको, गोळी लिहून द्या. मिनिटाचं काम होतं."

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं होतंस कधी?"

"नाही."

"आईच्या वेळी?"

"नाही म्हटलं ना."

त्याने मान परत फिरवली. पुढे काही म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. माझ्या अकरा सूचनांत पाणी कसं, दूध कसं, झोपणं कसं, सगळं होतं. घेणाऱ्याला ह्यात काही अडचण आहे का, एवढंच विचारलेलं नव्हतं. आणि आईने तर स्वतःच विचारलं होतं. तळहात पुढे करून. तिच्या औषधाची गोळी मिळाली असती का, मला आजही माहीत नाही. मी केमिस्टकडे विचारायला परत गेले नाही. खोटं बोलणं जवळ पडलं.

उरलेल्या दिवसांसाठी गोळ्या घेऊन तो घरी गेला. आठ कॅप्सूल शिल्लक होत्या. त्या मी पिशवीत घेऊन पालीच्या डॉक्टरीणबाईंना परत दिल्या, कोणाच्या तापाला उसन्या जायला नकोत म्हणून. करवंटीतल्या टोप्यांचं वहिनीने काय केलं ते मी विचारलं नाही.

गणपतीच्या आधी वहिनी माझ्याकडे आली होती. घावन्याचं पीठ, काकड्या आणि घडी केलेला एक जाड कागद ठेवून गेली. माझीच यादी होती. दारावरच्या चिकटपट्टीचा डाग कोपऱ्यांवर तसाच. अकराव्या सूचनेखाली बॉलपेनने, दादाच्या वाकड्या अक्षरात, बारावी लिहिली होती: रोग्याने विचारलं तर खरं सांगावं.

मी ती दोनदा फाडायला घेतली. फाडली नाही, कारण बाकीच्या अकरा कामाच्या होत्या.

यंदा लावणीच्या आधी पालीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून, चिखलात उतरणार म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायला तेच औषध लिहून दिलं, पावसाळ्यापुरतं. गोळीच हवी हे ह्या वेळी आधी सांगितलेलं होतं. मी नवी यादी केली. त्याची बारावी सूचना पहिली घेतली, त्याच्याच शब्दांत, आणि बाकीच्या एकेक खाली सरकवल्या. एसटीतून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली. स्वतः गेले नाही. गेले असते तर आम्ही पुन्हा मिठावर आलो असतो.

रविवारी वहिनीचा फोन येतो. ह्या वेळी गोठ्यातून नाही, घरातूनच.

"घेतली का?" मी विचारते.

"घेतली. जेवून, बसून, पेलाभर पाण्याबरोबर."

मागून दादाचा आवाज येतो, मला ऐकू येईल एवढा मोठा. "हेडक्लार्कला सांग, खूण पण केलीय."